पाणी जसं खोल जातं तशी गावातली दरी वाढते: भूजल, ऊस आणि विषमतेवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावचा. घरात तूर-सोयाबीनही केलंय, ऊसही लावलाय आणि बोअरही पाडलेत, आणि आता काही वर्षं झाली, गावोगावी विहिरींची पातळी मोजायच्या कामात आहे. मीटिंगमध्ये कुणी फार बोलत नाही, पण मीटिंग संपली आणि चहा आला की लोक बाजूला घेऊन विचारायला लागतात. तेच तेच प्रश्न प्रत्येक गावात येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

पाणी संपलं की सगळ्यांचंच संपणार ना? त्यात गरीब-श्रीमंत कुठून आलं?

सगळ्यांचं एकदम संपत नाही, सगळी गोम इथेच आहे. आपल्याकडं जमिनीखाली काही समुद्र भरलेला नाही. वर माती, खाली मुरूम, त्याच्या खाली काळा पाषाण, आणि पाणी राहतं ते त्या मुरमात नाहीतर खडकाच्या भेगांमध्ये. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग असा बेसॉल्टचा आहे. साठा थोडका, आणि ज्याची मोटर जास्त खोल त्याच्याकडं पाणी वळणार.

आमच्याच शिवारातलं सांगतो. आमच्या शेजारच्या काकांची ४० फुटाची विहीर, त्यांच्या वडिलांनी हातानं खोदलेली, दगडी बांधणीची. मार्चपर्यंत पाणी टिकायचं, तेवढ्यावर हरभरा, थोडी ज्वारी आणि घरापुरता भाजीपाला व्हायचा. बांधाच्या पलीकडं ३०० फुटाचा बोअर पडला आणि दोन उन्हाळ्यात ती विहीर जानेवारीतच बोंबलायला लागली. काकांनी जास्त पाणी उपसलं नव्हतं, पीक बदललं नव्हतं, त्यांनी काहीच केलं नव्हतं. तरी पाणी पहिल्यांदा त्यांचं गेलं, आणि बोअरवाल्याचं तेव्हा चालूच होतं.

म्हणजे पातळी खाली गेली की खोली लागते, आणि खोली पैशानं मिळते. ज्याच्याकडं पैसा त्याचं पाणी सगळ्यात शेवटी संपतं, आणि मधल्या काळात तो त्या पाण्यावर अजून पैसा कमावतो, त्यातून अजून खोल जातो. वर मथळ्यात जिला दरी म्हटलंय ती हीच.

मग बाकीच्यांनी पण बोअर पाडावा की, कुणी अडवलंय?

कुणी नाही अडवलं आणि सगळ्यांनी पाडलेच. ज्यांनी हे जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं खूण. मग मशीन येते, बहुतेक तमिळनाडूकडची गाडी, पोरं पण तिकडचीच, आणि गाड्यांची लाईन लागलेली असते म्हणून नंबर रात्रीचाच लागतो. घरातली सगळी माणसं बांधावर बसलेली असतात. आधी तांबडी माती उडते, मग पिवळा मुरूम, मग पांढरीफट धूळ सुरू होते, ती कपड्यांवर, केसांवर, उभ्या पिकावर बसत राहते, आणि सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडं की धूळ ओली कधी होते. फुटाचा रेट ठरलेला असतो त्यामुळं प्रत्येक पाईप खाली गेला की मनात आकडा वाढत जातो. ३०० झाले, ४०० झाले, ऑपरेटर विचारतो थांबू का, आणि इथवर पैसे गेलेत म्हणून थांबवतही नाही.

आमच्या घरी सहा बोअर पाडले, दोन लागले. खोदाई, केसिंग, मोटर, केबल सगळं धरून एका चालू बोअरला आजच्या भावानं लाख-दीड लाख सहज जातात, आणि फेल गेलेल्याचेही खोदाईचे द्यावेच लागतात. २० एकरवाल्यानं चार फेल घालवले तरी तो पाचवा पाडतो. दोन एकरवाल्याचा एक फेल गेला तर तो सावकाराच्या दारात जातो, नाहीतर बायकोच्या अंगावरचं मोडतो. जुगार तोच आहे पण हरायची ऐपत दोघांची वेगळी.

जमिनीखालचं पाणी कायद्यानं कुणाचं?

इंग्रजांच्या काळातला १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे, त्याच्या आधारावर आजवर असंच मानलं गेलंय की जमीन ज्याची त्याच्या खालचं पाणी त्याचं, आपल्या हद्दीत पाहिजे तेवढं उपसा. आता याचा उलटा अर्थ बघा, ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचा खालच्या पाण्यावर काहीच हक्क नाही. गावातली भूमिहीन घरं, ज्यांच्या पूर्वजांना जमीन मिळूच दिली नाही त्या वस्त्या, आणि घरोघरच्या बायका ज्या पाणी भरतात पण ज्यांचं नाव उताऱ्यावर नसतं, सगळे बाहेर.

नंतर राज्यानं कायदे केले. १९९३ चा कायदा पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर नको म्हणत होता. मग २००९ चा भूजल कायदा, त्याला राष्ट्रपतींची मंजुरी यायला २०१३ उजाडलं, त्यात शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर पाडायला बंदी आहे. ६० मीटर म्हणजे २०० फूट. आमच्या तालुक्यात आता २०० फुटावर मशीन थांबवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

पण उसामुळंच गावात पैसा आला, हे तरी मान्य कराल का?

करतो, मनापासून करतो. माझी फी उसाच्या बिलातून भरलीय. पत्र्याची घरं जाऊन स्लॅब आले, दारात मोटरसायकली आल्या, पोरं लातूरला-पुण्याला शिकायला गेली, कारखान्यामुळं नोकऱ्या लागल्या. ही वाढ खोटी नव्हती. आणि शेतकऱ्यानं ऊस निवडला यात त्याचं चुकलं असं मी कधी म्हणणार नाही, कारण उसाला एफआरपी आहे, म्हणजे कायद्यानं बांधलेला भाव, २०२५-२६ च्या हंगामाला टनाला ३,५५० रुपये, आणि घेणारा कारखाना समोर आहे. तुरीला हमीभाव जाहीर होतो पण खरेदी केंद्र कधी उघडतं, कधी बारदाना नसतो, कधी पोर्टलच बंद. गारपिटीत तूर झोपते, ऊस उभा राहतो. हिशोब करणारा माणूस ऊसच लावणार.

पण पाण्याच्या बाजूनं हाच हिशोब करा. राज्यात पिकाखालच्या जमिनीतली साधारण ४ टक्के जमीन उसाची, आणि ती सिंचनाच्या पाण्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास पाणी घेते. एक एकर घेऊ. पाटानं पाणी दिलेल्या उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं, त्यातून आमच्याकडच्या पावसाचे ८०० वजा केले तरी १,२०० मिलिमीटर वरून द्यायचं, म्हणजे एकरी ४८ लाख लिटर. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरलेत. भागाकार केला तर एका एकराच्या उसात २४० माणसांचं वर्षभराचं पाणी जातं.

उसाचं बिल एका खात्यावर जमा होतं, ते पाणी मात्र सगळ्या शिवाराखालचं असतं. जीडीपीमध्ये टनेज मोजलं जातं, साखर मोजली जाते, टँकरवाल्याचा धंदा पण वाढ म्हणूनच मोजला जातो, आणि काकांच्या विहिरीतून गेलेलं पाणी कुठंच वजा होत नाही.

ज्याच्याकडं जमीनच नाही त्याला काय फरक पडतो?

सगळ्यात जास्त त्यालाच पडतो, आणि दोन बाजूंनी.

एक तर कोरडवाहू भागात पाणी गेलं की मजुरी जाते. खुरपणी, काढणी, मळणी, सगळं कमी. मग दसरा-दिवाळी झाली की बीड आणि आजूबाजूच्या तालुक्यांमधून ट्रक भरून माणसं निघतात, ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, माणूस नाही म्हणत, कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही, एक दिवस खाडा झाला तर दंड. पाण्याअभावी ज्याचं शेत गेलं तो माणूस सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक तोडायला जातो. हे वाक्य मी मीटिंगमध्ये बोलतो तेव्हा मागं बसलेल्या बायका मान हलवतात, त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही.

२०१९ ला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली, ८२ हजारांवर बायकांची, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा परवडत नाही, फडात संडास नाही, पाणी नाही, डॉक्टर म्हणतो काढून टाका, मुकादमाकडून अजून उचल मिळते ऑपरेशनला, आणि ती बाई पुढच्या हंगामात तेच फेडायला परत मोळ्या उचलते. कुणी म्हणतं हा आरोग्याचा प्रश्न आहे. असेल, पण त्याचं एक मूळ आटलेल्या विहिरीत आहे.

दुसरी बाजू गावात मागं राहिलेल्यांची, म्हातारी माणसं आणि पोरं. टँकर आला की विहिरीत पाणी सोडतात आणि सगळे शेंदायला पळतात. ज्याच्या घरात दांडगी माणसं त्याचे हंडे भरतात. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात सहा हजारांवर टँकर चालू होते.

२०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते नेमकं काय होतं?

२०१४ आणि २०१५ दोन्ही वर्षं पाऊस दगा देऊन गेला, मांजरा धरण कोरडं पडलं, शहराला द्यायला पाणीच नव्हतं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं. मग १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली गाडी आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. नंतर ५० वाघिणींच्या गाड्या आल्या, एका फेरीला २५ लाख लिटर.

वर काढलेला एकराचा हिशोब आता परत घ्या. पहिल्या गाडीनं आणलेलं पाणी म्हणजे ४ गुंठे उसाचं वर्षभराचं पाणी. ५० वाघिणींची गाडी म्हणजे अर्धा एकर. मी हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा तीनदा तपासलं. त्या उन्हाळ्यात मी पण घागरी घेऊन रात्री एक वाजता लाईनमध्ये उभा होतो, आणि शहरात ज्याच्या घरी बोअर होता, टाकी होती, प्रायव्हेट टँकर परवडत होता त्याच्या घरी पाहुणे येत होते, लग्नं होत होती.

आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, ७२ ला धान्य नव्हतं, मिलो, म्हणजे बाहेरून आलेली तांबडी ज्वारी, खाऊन दिवस काढले, पण आडाला पाणी होतं. आता दुकानात धान्य आहे, आडाला पाणी नाही. आणि ७२ नंतरच्या काळातच बोअरची मशीन्स गावोगाव पोहोचली.

सरकारी आकडे तर म्हणतात महाराष्ट्राचं भूजल ठीक आहे?

सरासरी काढली तर ठीकच दिसतं. जेवढं पाणी दरवर्षी मुरतं त्यातलं आपण राज्यभरात निम्म्याच्या थोडं वर उपसतो. पण त्या सरासरीत कोकण आहे, चंद्रपूर-गडचिरोली आहे आणि आमचा माळही आहे. रत्नागिरीत मुरलेलं पाणी आमच्या लातूरकडच्या औशाच्या बाईच्या हंड्यात येत नाही. एका गावातसुद्धा माथ्यावरची विहीर आणि ओढ्याकाठची विहीर यांचं नशीब वेगळं असतं, आणि ओढ्याकाठची जमीन कुणाच्या नावावर आहे ते प्रत्येक गावात माहीत असतं.

विकास पुढं गेला की विषमता आपोआप कमी होते असं अर्थशास्त्रात म्हणतात ना?

अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ ला तसा अंदाज मांडला होता, की सुरुवातीला वाढते आणि नंतर लोक शेतीतून उद्योगात गेले की उतरते. पण त्यासाठी शेतीतून सुटलेल्या माणसाला कुठंतरी बरी जागा मिळायला पाहिजे. आमच्याकडचा सुटलेला माणूस फडात जातो नाहीतर पुण्यात बांधकामावर वॉचमन होतो. आणि जी पहिली वाढ झाली तीच जर साठा उपसून झाली असेल तर दुसऱ्या पिढीला उपसायला काय उरलं? आधी आलेल्यांनी मुद्दल खाल्लं. १९८४ चा दांडेकर समितीचा अनुशेषाचा अहवाल झाला, २०१३ ला केळकर समितीचा अहवाल आला, मराठवाड्याचं मागासलेपण कागदावर नीट मोजून ठेवलंय, पण प्रदेशाला पाणी मिळालं की ते गावातल्या शेवटच्या घरात पोहोचतंय का हे मोजायला कुणी येत नाही.

ठिबक, शेततळी, सोलर पंप यानं सुटेल का?

ठिबकनं पाणी वाचतं यात शंका नाही. पण वाचलेलं पाणी खाली राहत नाही, माणूस त्यावर अजून दोन एकर वाढवतो. जेव्हन्स नावाच्या अर्थतज्ज्ञानं १८६५ ला इंग्लंडच्या कोळशाबद्दल हेच बघितलं, इंजिनं सुधारली तसा कोळसा जास्तच जळायला लागला. क्षेत्र बांधून घेतलं तरच ठिबकचा उपयोग.

शेततळ्याचं तर मला फार वाईट वाटतं. कल्पना होती पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायची. प्रत्यक्षात प्लास्टिक अंथरून कित्येक ठिकाणी बोअरचं पाणी उपसून त्यात भरतात, म्हणजे सगळ्यांच्या मालकीचं पाणी जमिनीखालून काढून एकाच्या कुंपणात आणायचं, आणि उन्हात त्याची वाफ पण होऊ द्यायची. सोलर पंपानं रात्री लाईटची वाट बघत साप-विंचवात जायची वेळ टळली, ते खूप मोठं काम झालं. पण दिवसभर फुकट उपसा चालणार, आणि राज्यात २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज पण मोफत आहे. ज्याची मोटरच नाही त्याला या मोफत विजेतलं काय मिळालं, एवढा एक प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारतो.

शहरातल्या माणसाचा याच्याशी काय संबंध?

मुंबईला दिवसाला साधारण ३९० कोटी लिटर पाणी मिळतं. तानसा, भातसा, मोडकसागर, ही धरणं शहापूर तालुक्यात. तानसा तर १८९२ चं. आणि त्याच शहापूरच्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो, बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात, खाली धरणाचं पाणी चमकत असतं. पाईपलाईन त्यांच्या वस्तीवरून पुढं जाते.

हे फक्त पाण्याचंच आहे का?

नाही. गोव्याचं लोहखनिज बघा. खाणी चालू होत्या तेव्हा ट्रकवाले, बार्जवाले, सगळ्यांना काम होतं, पण मोठा नफा लीजवाल्यांचा आणि भातशेतीत गाळ, आटलेले झरे खाणीकडेच्या गावांचे. २०१२ ला सुप्रीम कोर्टानं खाणकाम थांबवलं तेव्हा पहिल्यांदा उपाशी पडला तो कर्ज काढून ट्रक घेतलेला माणूस. २०१४ च्या निकालात कोर्टानं खनिजाच्या विक्रीतला १० टक्के हिस्सा कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितला, पुढच्या पिढीसाठी. खनिजासाठी असं सुचलं, भूजलासाठी अजून कुणाला सुचलेलं नाही.

कुठं जमलंय का?

जमलंय, आणि आपल्याकडंच. ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या इंजिनिअर उद्योजकानं पुरंदर तालुक्यात नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन घेऊन काम सुरू केलं, १९७४ ला. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मला पाठ आहेत कारण मी ते प्रत्येक गावात सांगतो. पाणी जमिनीच्या हिशोबानं नाही, घरातल्या डोक्यांच्या हिशोबानं, माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क सोबत जात नाही. खर्चाचा २० टक्के वाटा लाभधारकांनी भरायचा. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. शेवटचा नियम वाचून दाखवला की हमखास एक जण उठून म्हणतो, ज्याला जमीन नाही तो पाणी घेऊन काय करणार? तो वाट्यानं जमीन करेल, नाहीतर त्याचं पाणी दुसऱ्याला देऊन मोबदला घेईल. पाणी हातात असलं की तो बांधावर उभा राहून बोलू शकतो.

हिवरे बाजारचं सगळ्यांना माहीत आहे, पोपटराव पवारांचं गाव, पण लोक तिथली झाडं आणि बंधारे बघून परत येतात. खरं काम तिथल्या नियमात आहे: शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, कमी असेल तर रब्बीचं क्षेत्र कमी करायचं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच कामावर, सामाईक साधनं लोक स्वतः नियम करून कसे सांभाळतात यावर, आणि त्यांनी पीएचडीला अभ्यास केला होता तो लॉस एंजेलिसजवळच्या भूजलाचाच.

आमच्या गावात सुरुवात कुठून करायची?

दोरीला दगड बांधून. खरंच सांगतो. १५-२० विहिरी निवडा, माथ्यावरच्या, मधल्या, ओढ्याकाठच्या, आणि त्यात वस्तीवरचा आड घ्यायचाच घ्यायचा, तो बहुतेक यादीत नसतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा, मग जानेवारीत, मार्चमध्ये, मे मध्ये पातळी मोजा आणि मंदिराच्या नाहीतर शाळेच्या भिंतीवर लिहा. विहीर कुणाची, पाणी किती फुटावर, शेजारी बोअर किती, पीक कोणतं. कुणावर आरोप करायचा नाही, नुसतं लिहायचं. ग्रामसभेला बायकांना संध्याकाळी नाही, दुपारी बोलवा, संध्याकाळी त्या पाण्याला गेलेल्या असतात.

गेल्या वर्षी एका गावात आम्ही असंच लिहिलं. मे मध्ये पहिल्या विहिरीपुढं ३८ फूट आणि वस्तीवरच्या आडापुढं कोरडा असं आलं. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्या विहिरीचा मालक आला, भिंतीपुढं बराच वेळ उभा राहिला, आणि मला म्हणाला, सकाळी दोन तास मोटर त्यांच्यासाठी चालू ठेवतो, पाईप तेवढा तुम्ही बघा. पाईप आम्ही वर्गणी काढून आणला, ६०० फूट.